नळाची ताजी बिअर: अमरावती-अकोलेकरांसाठी

वऱ्हाडातून पुण्याला जाणाऱ्या बिअरप्रेमींनो, तिथल्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत (जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या ठिकाणी) नक्की जा! देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, ‘डूलाली’, २००९ मध्ये पुण्यातच सुरू झाली. आज कोरेगाव पार्क, मुंढवा भागांत असे पर्याय आहेत.

🍺 आधी छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मागवा. हलक्यापासून गडद बिअरकडे जा.
🍺 हेफेवाइझन: गव्हाची, गढूळ. केळी-लवंगेचा वास येतो तो यीस्टमुळे. त्यात केळं नसतं.
🍺 आयपीए: हॉप्स या फुलांमुळे कडवट, सुगंधी.
🍺 स्टाउट: खरपूस भाजलेल्या बार्लीमुळे काळी, कॉफीसारखी.
🍺 आज कोणती बिअर ताजी आहे, हे विचारा.

महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१. पिऊन गाडी अजिबात चालवू नका, रिक्षाच करा.