बंदरकरांच्या गावातली रंगीत रेघ

रविवारी सकाळी साडेदहाला आमची बस सान तेल्मोच्या तोंडाशी थांबली आणि टूर मॅनेजरनं सांगितलं, "दीड तास आहे. बरोबर बारा वाजता सगळे इथंच." बावीसजणांचा आमचा गट पुणे, ठाणे, नाशिक, कराड असा गावोगावचा होता. बहुतेक मंडळी साठीच्या पुढची. मुंबईहून ब्युनोस आयर्सला थेट विमान नाही. वाटेत एकदोनदा विमान बदलत, जवळजवळ दीड दिवसाचा प्रवास करून आम्ही पोचलो होतो. घरी रात्रीची जेवणं उरकलेली असतात तेव्हा इथं दुपार असते, साडेआठ तासांचा फरक. एवढं अंतर कापून आल्यावर शहरातल्या सगळ्यांत जुन्या वस्तीला दीड तास, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

आदल्या दिवशी ठरलेलं सगळं पाहून झालं होतं. 140 मीटर रुंदीचा नऊ जुलै मार्ग, जो एका सिग्नलमध्ये ओलांडायचा तर ज्येष्ठांना जीव मुठीत धरून पळावं लागतं. त्याच्या मधोमध 1936मध्ये चारेक आठवड्यांत उभारलेला ओबेलिस्क. 1908चं कोलोन नाट्यगृह. रेकोलेताच्या दफनभूमीत एविता पेरोनच्या समाधीपुढची गर्दी. नाट्यगृहाचं पुस्तकांचं दुकान झालेलं 'एल अतेनेओ', जिथं प्रेक्षकांच्या सज्जांत आता कपाटं आहेत आणि रंगमंचावर कॉफी मिळते. हे सगळं देखणं आहे, पण त्याबद्दल कुठंही वाचायला मिळतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फुललेले नीलमोहोर मात्र कोणी सांगितले नव्हते. नोव्हेंबर म्हणजे तिथला वसंत, आणि अख्खं शहर जांभळं झालेलं होतं. पुण्याच्या एक काकू दर चौकात म्हणायच्या, "अहो, हा तर आपल्याकडचाच!" खरं तर तो मूळचा तिकडचा, आपल्याकडे पाहुणा म्हणून आला.

सान तेल्मोची देफेन्सा नावाची गल्ली रविवारी वाहनांना बंद असते. दगडी फरसबंदीवर दोन्हीकडे दुकानं मांडलेली, कुठं निळ्याहिरव्या काचेच्या सोड्याच्या बाटल्या, कुठं ग्रामोफोन, पितळी कुलपं, जुन्या पदकांचे डबे. पुण्याच्या जुन्या बाजारात ज्याचा पाय अडकतो त्याचा इथंही अडकणारच. हा बाजार 1970पासून भरतो. पण या घरांचा काळ त्याहून मागचा. 1871मध्ये पीतज्वराची साथ आली आणि इथले धनिक वाडे सोडून उत्तरेकडे, रेकोलेताच्या बाजूला निघून गेले. रिकाम्या वाड्यांत बोटीतून उतरलेले इटालियन आणि स्पॅनिश मजूर शिरले. मधे एक चौक, भोवती खोल्या, एका खोलीत एक कुटुंब, नळ नि मोरी सगळ्यांत मिळून. गाइड मुलगी या घरांना 'कोन्व्हेन्तिशो' म्हणाली आणि ठाण्याचे काका, ज्यांचं बालपण लालबागला गेलं, लगेच म्हणाले, "म्हणजे चाळ की हो!" दुसरा शब्द शोधायची गरजच उरली नाही. 1914च्या शिरगणतीत शहरातली जवळपास निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती. टँगो वाढला तो याच चौकांत. इथले लोक स्वतःला 'पोर्तेन्यो' म्हणवतात, म्हणजे बंदराचे. आपल्या हिशेबानं बंदरकर.

या गर्दीत कराडचे गुरुजी मागे राहिले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, बोलायला कमी. मी परत वळून शोधायला गेलो तर एका म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या टेबलापुढे ते उभे होते आणि हलायला तयार नव्हते.

टेबलावर रंगवलेल्या पाट्या होत्या. काळ्या, गर्द लाल किंवा हिरव्या जमिनीवर वेलबुट्टी, पाच पाकळ्यांची फुलं, गुंडाळत गेलेली अकँथसची पानं, शेपट्यांचे वेटोळे घातलेले ड्रॅगन, निळ्यापांढऱ्या फिती आणि मधोमध टोपी घातलेला, हसरा कार्लोस गार्देल. कोलंबियातल्या मेदेयीनला विमान अपघातात हा टँगोचा गायक गेला, त्याला 1935पासून इतकी वर्षं झाली, पण इथं तो भिंतीभिंतीवर आहे. या रंगकामाला 'फिलेते' म्हणतात आणि रंगाऱ्याला 'फिलेतेआदोर'. जागा म्हणून रिकामी सोडायची नाही, डावीकडे जे काढलं तेच उजवीकडे यायला हवं, आणि सपाट फळीवरचं पान हातानं उचलून घेता येईल इतकं उठून दिसायला हवं.

गुरुजी म्हणाले, "माझे वडील कराडात ट्रकच्या बॉडीवर नावं रंगवायचे. ही रेघ मी ओळखतो."

गाइड मुलीला मधे घेऊन बोलणं सुरू झालं. रंगाऱ्यानं आपली हत्यारं दाखवली. लांब केसांचा बारीक ब्रश, जो रंगात भिजवून एका दमात हातभर रेघ ओढतो. मनगट टेकवायला काठी. कागदावर अर्धंच चित्र काढायचं, रेघांवर टोच्यानं भोकं पाडायची, कागद फळीवर ठेवून पुरचुंडीतली खडूची भुकटी वरून आपटायची, मग तोच कागद उलटा करून दुसरी बाजू. त्यावर ऑइलपेंट. शेवटी पारदर्शक काळपट रंगाची सावली आणि सर्वांत वर पांढऱ्यापिवळ्याचा उजेड. "उजेड शेवटी," तो दोनदा म्हणाला. गुरुजींनी मान डोलावली. त्यांचे वडीलही म्हणे शेडिंग आधी करत आणि पांढरी रेघ गिऱ्हाइकासमोर मारत.

या कलेच्या जन्माची गोष्ट त्यानंच सांगितली. शहरातला प्रत्येक जुना फिलेतेआदोर ती सांगतो. सान तेल्मोच्या कडेनं जाणाऱ्या पासेओ कोलोन मार्गावर घोडागाड्या बांधायचा एक कारखाना होता. भाजी, दूध, पाव वाहणाऱ्या त्या गाड्या सगळ्या करड्या रंगाच्या. कारखान्यात इटालियन घरांतली दोन पोरं हाताखाली होती, बिसेन्ते ब्रुनेत्ती आणि सेसिलिओ पास्कारेला. वय दहा-तेरा वर्षांचं. मालकानं एका गाडीला रंगाचा हात मारायला सांगितला आणि पोरांनी फळ्यांच्या तासलेल्या कडा लाल करून टाकल्या. मालक चिडायच्या आधीच गिऱ्हाईक खूश झालं. दुसऱ्यानं आपल्याही गाडीला तशा कडा मागितल्या. मग कडेची रेघ आली, रेघेची वेल झाली, वेलीला फुलं आली, मालकाचं नाव आलं, नावाखाली एखादी ओळ आली. आईवर, प्रेमावर, नशिबावर. गोष्ट जशीच्या तशी घडली असेल किंवा तोंडोतोंडी रंगली असेल, मला ती खरी वाटते. बेंदराला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावणारी पोरं ज्यानं पाहिलीत, त्याला लाल रंगाचा डबा हातात आल्यावर काय होतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

घोडागाड्या गेल्या, तशी वेल ट्रकवर चढली आणि मग 'कोलेक्तिवो'वर. 1928मध्ये काही टॅक्सीवाल्यांनी ठरलेल्या रस्त्यानं, माणशी पैसे घेऊन गाडी चालवायला सुरुवात केली, आपल्या शेअर रिक्षासारखी, आणि त्यातून शहराची बससेवा उभी राहिली. चालकच मालक, त्यामुळे बस घरच्या बैलासारखी सजायची. आमचा रंगारी बाराव्या वर्षी बसबॉडीच्या कारखान्यात ब्रश धुवायला लागला. तेविसाव्या वर्षी, 1975मध्ये, बसवर फिलेते काढायला बंदी आली. नक्षीत बसचा नंबर वाचता येत नाही, हे कारण. "एका कागदानं आमचे हात थांबले," तो म्हणाला. पुढची कित्येक वर्षं त्यानं घरांच्या भिंती रंगवल्या, पांढऱ्या आणि क्रीम.

कला टिकली ती काही माणसांनी वेळेवर तिच्याकडे पाहिलं म्हणून. 1970मध्ये निकोलास रुबिओ आणि एस्तेर बारुहेल यांनी रंगवलेल्या फळ्या गोळा करून वाइल्डनस्टाइन गॅलरीत त्यांचं पहिलं प्रदर्शन भरवलं. रस्त्यावरच्या रंगकामाला पहिल्यांदा भिंत मिळाली. बसवरून हटलेली वेल हळूहळू दुकानांच्या पाट्यांवर, कॅफेच्या काचांवर उतरली. 2006मध्ये शहराच्या विधिमंडळानं तिला वारसा मानलं आणि डिसेंबर 2015मध्ये युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिचं नाव घातलं.

त्याच 2015च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात ट्रकच्या मागं 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी आली होती. कारण हॉर्नच्या गोंगाटाचं, आणि ते रास्तच आहे. माझी खंत वेगळी आहे. त्या अक्षरांभोवती कमळं, मोर, गरुड, 'आईचा आशीर्वाद' काढणारे हात आपण कधी मोजलेच नाहीत. फ्लेक्स आला, रेडियमच्या चिकटपट्ट्या आल्या, पेंटरांनी ब्रश ठेवून कटर घेतला. त्यांच्या फळ्या गोळा करून कुणी गॅलरीत मांडल्या नाहीत. ब्युनोस आयर्सलाही सगळं आबादीआबाद नाही. त्याच गल्लीत छापील फिलेतेचे फ्रिजला चिकटवायचे तुकडे ढिगानं विकायला होते आणि गर्दी त्या टेबलांपुढे जास्त होती.

बारा वाजायला वीस मिनिटं होती. रंगाऱ्यानं गुरुजींना विचारलं, तुमच्या लिपीत एक शब्द लिहून द्या. गुरुजींनी वहीच्या कागदावर वळणदार अक्षरात लिहिलं, 'आई'. अर्थ सांगितल्यावर तो हसला. जुन्या ट्रकांवर निम्म्या ओळी तिच्याच असायच्या, म्हणाला. मग एक लाल जमिनीची तयार पाटी घेतली, जिच्या कडेची वेल आधीच वाळलेली होती, आणि मधल्या मोकळ्या जागेत अक्षरं काढली. शिरोरेघ पाहून त्याला फार आनंद झाला. अक्षरांच्या डोक्यावर ही रेघ तुम्हाला आयतीच मिळालीय, असं तो म्हणाला आणि तिच्या दोन्ही टोकांना त्यानं एकेक पान फुटवलं. 'ई'चा रफार त्यानं फितीसारखा उडवला. शेवटी उजेड.

रंग ओला होता. पाटी गुंडाळता येईना, पिशवीत घालता येईना. गुरुजी ती दोन तळहातांच्या मधे कडांनी धरून बसपर्यंत चालत आले. आम्हाला बारा मिनिटं उशीर झाला होता आणि थोडी बोलणी बसली.

दुपारी प्लासा दे मायोला गेलो. या चौकात 1977पासून दर गुरुवारी डोक्याला पांढरा रुमाल बांधून आया येत राहिल्या, लष्करी राजवटीत नाहीशा झालेल्या आपल्या मुलांचा पत्ता विचारायला. चौकातल्या स्तंभाभोवती जमिनीवर पांढरे रुमाल रंगवलेले आहेत. गट फोटो काढायला गुलाबी राजवाड्याकडे गेला. गुरुजी ती पाटी हातात धरून रुमालांपाशी बराच वेळ उभे होते. मी त्यांच्याशी काही बोललो नाही.

शेवटच्या दिवशी खरेदीसाठी मोकळा वेळ होता. आम्ही चौघांनी रेतिरो स्थानकावरून लोकल धरून सान इसिद्रो गाठलं. नोव्हेंबर 1924मध्ये पेरूला निघालेले रवींद्रनाथ आजारी पडून ब्युनोस आयर्सला थांबले आणि लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोंनी त्यांना इथं नदीकाठच्या एका घरात जवळपास दोन महिने ठेवून घेतलं. 'पूरबी' हा संग्रह त्यांनी ओकाम्पोंनाच, 'विजया' या नावानं, अर्पण केला. ओकाम्पोंचं स्वतःचं घर आता युनेस्कोकडे आहे. बाग जुनी आणि शांत आहे. रवींद्रनाथांना आवडलेली आरामखुर्ची बाईंनी त्यांच्याबरोबर जहाजावर चढवली, आणि ती केबिनच्या दारातून आत जाईना म्हणून दार काढायला लावलं, ही गोष्ट नाशिकच्या काकांनी परतीच्या लोकलमध्ये सांगितली. ती खुर्ची शांतिनिकेतनात आहे. सगळ्यांनी एकदम गुरुजींच्या मांडीवरल्या पाटीकडे पाहिलं.

दक्षिण अमेरिकेच्या सहली आता आपल्याकडून वाढताहेत आणि बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत ब्युनोस आयर्सला दोन रात्री असतात. शाकाहारी मंडळींनी जेवणाची काळजी करू नये. पालकाची एम्पानादा आणि कांद्याचा चीजभरला पिझ्झा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, आणि 'दुल्से दे लेचे' चाखल्यावर बासुंदी आटवणाऱ्या घरांना परकं वाटत नाही. फक्त पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या. मुक्कामात रविवार येतो का, आणि सान तेल्मोला किती वेळ आहे. अर्धा दिवस तरी मागून घ्या. पाटी रंगवून हवी असेल तर सकाळी सकाळी सांगा. ऑइलपेंट वाळायला दुसरा दिवस उजाडतो.