कॉपी-पेस्टला रामराम!

मित्रांनो, कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही ही दोन बटणं नसती, तर आपल्यापैकी कितीजणांची सबमिशन्स वेळेवर झाली असती, देव जाणे! पण वेबसाइटचा कोड असाच लिहिला की काय होतं, ते जरा बघू या.

समजा, हॉस्टेलच्या मेससाठी पीएचपीमध्ये साइट करायची आहे. पानं तीन: मुलांना बिल दाखवणारं, ऑफिसच्या हिशेबाचं आणि पावती छापणारं. दर रोजचा ७५ रुपये. सलग ३ किंवा जास्त दिवस गैरहजर राहिलं तर तेवढ्या दिवसांची सूट. हे गणित आपण तिन्ही फाइल्समध्ये चिकटवलं. पुढच्या टर्मला नियम बदलला, ३ चे ५ दिवस झाले. ऑफिसचं पान बदललं, बाकीची दोन तशीच राहिली. आता ४ दिवस घरी जाऊन आलेल्या मुलाला ३० दिवसांच्या महिन्याचं बिल १९५० रुपये दिसतं आणि ऑफिसात २२५०. दोघं भांडतात, आणि गंमत म्हणजे दोघंही स्क्रीनवर दिसतं तेच सांगत असतात!

अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९९ सालच्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या पुस्तकात यावर एक तत्त्व मांडलं: डीआरवाय, म्हणजे ‘डोन्ट रिपीट युवरसेल्फ’. सोप्या भाषेत, प्रत्येक नियमाची सिस्टिममध्ये एकच हक्काची जागा हवी.

मग करायचं काय? बिलाचं फंक्शन एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचं आणि तिन्ही पानांनी ती फाइल मागवायची. पीएचपीत यासाठी ‘इन्क्लूड’ आणि ‘रिक्वायर’ आहेत. फाइल सापडली नाही तर इन्क्लूड नुसती वॉर्निंग देऊन पुढे जातं. रिक्वायर तिथेच थांबतं. पैशांचा हिशेब असेल तर थांबलेलंच बरं. तीच फाइल चुकून दोनदा आली तर एकच फंक्शन दोनदा डिक्लेअर होऊन एरर येते, म्हणून ‘रिक्वायर वन्स’ वापरावं.

दुसरी अडचण पत्त्याची. मुख्य फोल्डरमध्ये चालणारा कोड ॲडमिन फोल्डरमधून बोलावला की ‘फाइल सापडत नाही’ म्हणतो. कारण डॉट-डॉटने सुरू होणारा पाथ सध्याच्या वर्किंग डिरेक्टरीपासून मोजला जातो, तो लिहिलेल्या फाइलपासून नाही. पीएचपी ५.३ पासून मिळणारा ‘डिर’ हा कॉन्स्टंट पाथच्या आधी लावला की ही कटकट मिटते.

डेटाबेसचा पासवर्डही एकाच कॉन्फिग फाइलमध्ये असावा, पण ती फाइल वेब फोल्डरच्या बाहेर! पूर्वी अशा फाइल्सना ‘डॉट इन्क’ नाव द्यायची पद्धत होती. सर्व्हरला तसं बजावून ठेवलं नसेल, तर तो अशी फाइल पीएचपी म्हणून चालवत नाही, सरळ मजकूर म्हणून दाखवतो. म्हणजे पासवर्ड चव्हाट्यावर!

मात्र दिसायला सारखं ते सगळं एकत्र करायचं नसतं. मेसचं बिल आणि लायब्ररीचा दंड, दोन्हीकडे ‘दिवस गुणिले दर’ असतं. पण मेसचा नियम मेस कमिटी बदलणार आणि दंडाचा ग्रंथपाल. दोघांची मोट एका फंक्शनमध्ये बांधली, तर एकाला खूश करताना दुसऱ्याचा हिशेब बिघडेल. बदलाचं कारण एक असेल तरच कोड एक ठेवावा.

आता दुसऱ्यांचा कोड आणायला पीएचपीत २०१२ पासून कंपोझर आहे, जावास्क्रिप्टमध्ये एनपीएम. पण उधारीवर किती जगायचं? मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं जेमतेम ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं, आणि त्यावर थेट किंवा आडून अवलंबून असलेल्या असंख्य प्रोजेक्ट्सचे बिल्ड कोसळले. त्यात बेबलसारखं मोठं टूलही होतं. पाच मिनिटांत लिहिता येईल ते स्वतः लिहावं; बाकीचं आणावं, पण व्हर्जन पक्कं करून.

आपण पास होऊन जाऊ, साइट मात्र ज्युनिअर्सच्या गळ्यात पडेल. नियम बदलला की त्यांना एकच फाइल उघडावी लागली, तर ते नक्की दुवा देतील. नाहीतर काय देतील, ते या मासिकात छापता येणार नाही!