टाकीतील खळखळ आणि मोटारीतील इतर आवाज

गणेशचतुर्थीस मुंबईहून निघालेली कुटुंबाची मोटार मालवणास पोहोचेपर्यंत सुमारे ५०० किलोमीटरची मजल मारते. महामार्गावर वेग असतो, वाऱ्याचा घोष असतो, मुलांच्या गप्पा असतात. त्यामुळे गाडी अगदी निमूट आहे असे सर्वांस वाटते. परंतु कसाल फाट्यावर महामार्ग सोडून ती मालवणच्या रस्त्यास लागली, वळणे सुरू झाली आणि एखाद्या गतिरोधकापाशी चालकाने ब्रेक दाबला, की मागच्या आसनावर बसलेली आजी विचारते, ‘‘अरे, पाण्याचो आवाज खंयसून येता?’’ चालकाच्या कानी काहीच आलेले नसते. तो मुलांना पाण्याची बाटली नीट धरावयास सांगतो. बाटली सापडते, ती रिकामी निघते, आणि पुढच्या वळणावर तोच आवाज पुन्हा होतो.

या प्रसंगी आजीचे म्हणणेच खरे असते. बहुतेक लहान कौटुंबिक मोटारींत पेट्रोलची टाकी मागच्या आसनाच्या खाली, मागच्या चाकांच्या आसाच्या किंचित पुढे बसविलेली असते. टक्कर झाल्यास टाकीस कमीत कमी इजा व्हावी, असा या योजनेचा हेतू. परंतु तिचा परिणाम असा होतो की, टाकी आणि मागे बसलेली माणसे यांच्यामध्ये पोलादाचा एक पातळ पत्रा व आसनाची गादी एवढाच अडसर राहतो. चालकास जे ऐकू येत नाही ते मागच्या माणसास स्पष्ट ऐकू येते. ‘‘मला तर काही ऐकू येत नाही’’ हे चालकाचे उत्तर प्रामाणिक असते. मात्र त्याने प्रश्न सुटत नाही.

टाकीत नेमके काय घडते? गाडी ब्रेक लावून थांबते, पण आतील पेट्रोलास ते तत्काळ मानवत नाही. ते आपल्या पूर्वीच्या गतीने पुढे धावते, टाकीच्या पुढच्या भिंतीवर आदळते, तेथून परतून मागच्या भिंतीकडे जाते, आणि असे काही हेलकावे खाऊन मग शांत होते. पेट्रोलाचे वजन काही थोडेथोडके नसते. २० लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे १५ किलोग्रॅम भार, आणि हा सर्व भार त्या बंदिस्त पेटीत इकडून तिकडे धावत असतो. टाकी ७० सेंटिमीटर लांब असून तीत १० सेंटिमीटर उंचीपर्यंत इंधन असेल, तर एका पूर्ण हेलकाव्यास साधारण दीड सेकंद लागतो. म्हणूनच हा आवाज एकदाच होऊन संपत नाही. तो ठरावीक अंतराने दोनतीन वेळा येतो आणि क्षीण होत जातो. त्याची ओळख पटविणारी ही पहिली खूण होय.

दुसरी खूण आपल्या जुन्या म्हणीतच सांगितलेली आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार! टाकी काठोकाठ भरलेली असता द्रवास हलावयास जागाच नसते. ती जवळजवळ रिकामी असता हलावयास द्रव फारसा उरत नाही. मधल्या अवस्थेत मात्र द्रवही असतो आणि मोकळी जागाही असते, व त्याच वेळी खळखळ सर्वाधिक होते. मुंबईस टाकी भरून निघालेल्या गाडीचे इंधन कोकणात उतरेपर्यंत बरेचसे संपलेले असते. गाडी वाटेत बिघडली असा समज होण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

मालवणच्या किनाऱ्यावरील माणसास या गोष्टीचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. होडीत साचलेले पाणी खलाशी वेळीच उपसून टाकतो, ते केवळ होडी जड होते म्हणून नव्हे. होडी एका अंगास कलली की ते पाणी त्याच अंगास धावते आणि तिला अधिकच कलविते. मोठ्या जहाजांच्या बांधणीत या संकटावर उपाय म्हणून टाक्यांचे उभ्या भिंतींनी विभाग पाडतात. मोटारीच्या टाकीतही तोच उपाय लहान प्रमाणावर योजिलेला असतो. तिच्यात भोके असलेले आडपडदे बसवितात. इंधन त्या भोकांतून जाऊ शकते, परंतु एक मोठी लाट होऊन धावू शकत नाही. लाटेचा जोर लहान लहान भोवऱ्यांत जिरून जातो. आडपडदे असूनही थोडी खळखळ उरतेच. ती पूर्णपणे नाहीशी करणे हे खर्चाचे आणि जागेचे काम आहे.

मग पूर्वीच्या मोटारींत हा आवाज का ऐकू येत नसे? तो होतच होता, पण इंजिनाच्या घरघरीत बुडून जात असे. आजची इंजिने शांत झाली आहेत. कित्येक गाड्यांचे इंजिन चौकात थांबताच आपोआप बंद होते, आणि विजेच्या मोटारीची जोड असलेल्या गाड्या तर काही अंतर इंजिनावाचून चालतात. मोठा आवाज नाहीसा झाल्यामुळे त्याच्या आड दडलेले लहान आवाज उघडे पडले आहेत. रात्री गाव निजला की दूरची समुद्राची गाज ऐकू येऊ लागते, त्यातलाच हा प्रकार होय.

इंधनाच्या व्यवस्थेतून निघणारे आणखी तीन आवाज ओळखून ठेवण्यासारखे आहेत. किल्ली फिरविताच मागच्या आसनाखालून सुमारे दोन सेकंद एक बारीक गुणगुण येते. ती टाकीत बुडवून ठेवलेल्या विजेच्या पंपाची असते. ही गुणगुण स्वाभाविक आहे; परंतु ती वाढून गाडी चालू असताना सतत किरकिरू लागली, तर गाळणी तुंबली आहे किंवा पंप थकला आहे असे समजावे. हा पंप भोवतालच्या पेट्रोलानेच थंड राहत असतो. म्हणून टाकी नेहमी तळापर्यंत रिकामी होऊ देण्याची सवय त्यास घातक ठरते.

दुसरा आवाज पुढच्या बाजूने येतो. पेट्रोलवर चालणारे इंजिन तापल्यानंतर घड्याळाप्रमाणे टक्-टक् असा ठेका कधी कधी ऐकू येतो. टाकीतील पेट्रोलाची वाफ बाहेर हवेत न सोडता कोळशाने भरलेल्या एका डब्यात साठवितात, आणि इंजिन चालू असता ती थोडी थोडी ओढून जाळतात. ती वाफ सोडणाऱ्या झडपेच्या उघडझापीचा हा ठेका होय. पंपावर नळी आपोआप बंद झाल्यावरही ‘‘अजून थोडे भरा’’ असा आग्रह धरणाऱ्यांनी येथे सावध राहावे. जास्तीचे पेट्रोल त्या डब्यात शिरले तर तो निकामी होतो.

तिसरा आवाज म्हणजे टाकीचे झाकण उघडताना येणारा फुसकारा. मालवण समुद्राच्या पातळीवर, तर आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर. एवढ्या चढणीत बाहेरील हवेचा दाब सातआठ टक्क्यांनी उतरतो. आपल्या कानांत दडे बसतात, आणि ज्या कारणाने ते बसतात त्याच कारणाने टाकीतील वाफही बाहेर येऊ पाहते. शिवाय उन्हाने पेट्रोलाची वाफ वाढते ती निराळीच. झाकण उघडताना क्षणभर फुसकारा आला तर चिंता करू नये. मात्र प्रत्येक वेळी झाकण आत ओढल्यासारखे घट्ट बसत असेल आणि उघडताच हवा बराच वेळ आत खेचली जात असेल, तर टाकीचा श्वासमार्ग तुंबला आहे असे जाणावे.

आता खुद्द बैठकीच्या जागेतील आवाजांकडे वळू. हे बहुतेक घर्षणाचे असतात. दोन पृष्ठभाग एकमेकांस चिकटतात, ताण वाढताच निसटतात, पुन्हा चिकटतात. ही क्रिया सेकंदास शेकडो वेळा घडली म्हणजे करकर उत्पन्न होते. सारंगीची तार गजाने वाजते तीही याच नियमाने. भेद एवढाच की सारंगीस वादक असतो. मोटारीच्या दर्शनी फळीचे प्लॅस्टिक आणि तिच्या मागचा पोलादी सांगाडा उष्णतेने सारखे फुगत नाहीत. एक मीटर लांबीची प्लॅस्टिकची पट्टी तापमान ३० अंशांनी बदलले असता दोनतीन मिलिमीटर लांब-आखूड होते, तर तेवढेच पोलाद अर्ध्या मिलिमीटराहूनही कमी. दुपारभर माडांबाहेर उन्हात उभी असलेली गाडी वातानुकूलनाने एकाएकी थंड केली की फळी का कुरकुरते, हे यावरून ध्यानात येईल. दारांच्या कडेची रबराची पट्टी धुळीने कोरडी पडली तरीही असाच आवाज येतो. ती ओल्या फडक्याने पुसून तीवर रबरास मानवणारे सिलिकोनचे वंगण बारीक हाताने लावले म्हणजे तो पुष्कळदा थांबतो. खोबरेल वा यंत्राचे तेल मात्र रबरास लावू नये. त्याने ते फुगते व सैल पडते.

एवढे सर्व आवाज निरुपद्रवी म्हणता येतील. किनाऱ्यावरील गाडीचे खरे दुखणे निराळे असते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. पावसाळ्यातील दमट हवेत ते लोखंडावर बसून राहतात, आणि गंज नेहमीहून पुष्कळ लवकर चढतो. धुराड्याच्या नळीवर उष्णता अडविण्यासाठी एक पातळ पत्रा बसविलेला असतो. त्याचा खिळा गंजून सैल झाला की इंजिनाच्या एका विशिष्ट वेगाला तो झणझणू लागतो व वेग बदलताच गप्प होतो. टाकी ज्या लोखंडी पट्ट्यांनी तळाशी आवळलेली असते, त्या पट्ट्या गंजल्या तर त्याहून वाईट. जांभ्या दगडाच्या उंचसखल पायवाटेवरून गाडी अंगणापर्यंत नेताना खालचा दगड टाकीस लागला, तरीही पट्टी सैल होऊ शकते. त्या वेळी आवाज खळखळीचा राहत नाही. खड्ड्यात चाक जाताच आसनाखाली ‘धप्’ असा बोजड आघात जाणवतो. ज्या आवाजाकडे दुर्लक्ष करू नये तो हाच.

तेव्हा प्रश्न असा की, निरुपद्रवी आवाज आणि इशाऱ्याचा आवाज घरच्या माणसाने ओळखावे कसे? यासाठी यंत्रशास्त्राचे ज्ञान लागत नाही. लागतो तो थोडा धीर. प्रथम गाडीतील सर्व सुटे सामान बाहेर काढावे. आसनाच्या फटीत पडलेले नाणे, डिकीतील जॅक, दाराच्या खणातील चष्म्याचे घर यांनी आजवर अनेक कारागिरांचे दिवस खाल्ले आहेत. नंतर गाडी दुसऱ्यास चालविण्यास द्यावी आणि आवाज ऐकणाऱ्याने, म्हणजे बहुधा आजीनेच, जेथून तो आला त्याच जागी बसावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि रस्ता तोच ठेवावा. टाकी भरताच आवाज गेला, तर तो इंधनाचा. हाताने दाबताच थांबला, तर फळीचा. इंजिनाच्या वेगाबरोबर बदलला, तर खालच्या पत्र्याचा. टाकी भरलेली असो वा रिकामी, प्रत्येक खड्ड्यात तो तसाच आला, तर गाडी कारखान्यात उचलून तळ पाहून घ्यावा. ही चार वाक्ये कागदावर लिहून कारागिराच्या हाती दिली, म्हणजे ‘‘काहीतरी वाजते’’ या मोघम तक्रारीवर विनाकारण बदलल्या जाणाऱ्या भागांचा खर्च वाचतो.

या सर्वांहून निराळा एक नियम आहे, आणि त्यास अपवाद नाही. आवाजाबरोबर पेट्रोलाचा वास आला, तर पुढील चौकशी थांबवावी. पेट्रोलाची वाफ हवेहून तीनचार पट जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते, सखल जागी साचते, आणि थंडीच्या रात्रीसुद्धा पेट घेऊ शकते. कोकणातील घरी मोटार अंगणात उभी असते. त्याच अंगणात तुळशीपुढे सांजवात लागते, चतुर्थीच्या दिवसांत निरांजने फिरतात आणि मुले फटाके उडवितात. अशा वेळी गाडी घरापासून दूर मोकळ्या जागी थांबवावी, इंजिन बंद करावे, माणसे उतरवावी, आणि तपासल्यावाचून ती पुन्हा सुरू करू नये. सणाची घाई कितीही असो, हे पाऊल पुढे ढकलण्यासारखे नाही.

पावसाळा सरल्यावर गोड्या पाण्याने गाडीचा तळ धुणे आणि वर्षातून एकदा तो नीट पाहून घेणे, एवढी काळजी घेतली तर यांपैकी बहुतेक आवाज आपली मर्यादा ओलांडीत नाहीत. परंतु काळजी घेण्याआधी ऐकावे लागते. मागच्या आसनावरून तक्रार आली की संगीताचा आवाज वाढविणे हा आज अनेक घरांतील रूढ उपाय आहे. त्याने खळखळ झाकते खरी, पण सैल पट्टीचा ‘धप्’ही त्याच्याबरोबर झाकला जातो. आजीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दहांपैकी नऊ वेळा ‘टाकी अर्धी आहे’ एवढेच असेल; पण दहाव्या वेळेसाठी तो प्रश्न दर खेपेस मनावर घ्यावयास हवा.