‘अगोरा’ आणि हायपेशियाचा वध

अगोरा म्हणजे प्राचीन ग्रीक नगरातील बाजाराचा व सार्वजनिक सभेचा चौक. आलेहांद्रो आमेनाबार या दिग्दर्शकाचा याच नावाचा २००९ चा चित्रपट रोमन अमलाखालील अलेक्झांड्रियात घडतो आणि हायपेशिया या विदुषीच्या वधाची कथा सांगतो. ती नवप्लेटोवादी होती. सगळे अनेकत्व एका परमतत्त्वातून उद्भवते आणि बुद्धी निर्मळ होत गेली की आत्मा त्याच्याकडे परततो, असे मानणाऱ्या या पंथात गणिताचा अभ्यास ही साधनेची पायरी समजली जाई. ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा तिला केप्लरच्या बाराशे वर्षे आधी उमगल्याचे चित्रपट दाखवतो; त्याला पुरावा नाही, पण तिने ग्रीक गणितज्ञ अपोलोनियसच्या शंकुच्छेदांवर, ज्यांत लंबवर्तुळही येते, भाष्य लिहिल्याची नोंद असल्याने ही कल्पना अगदीच हवेतली म्हणता येत नाही.

चित्रपटाची खरी अडचण वेगळी आहे. इ. स. ३९१ च्या सुमारास सेरापीस देवाचे भव्य मंदिर ख्रिस्ती जमावाने उद्ध्वस्त केले, तिथपासून हायपेशियाच्या अंतापर्यंतचा काळ तो विज्ञान विरुद्ध धर्म या एकाच चौकटीत बसवतो. वास्तविक तिचा लाडका शिष्य सिनेसियस पुढे बिशप झाला आणि तरीही तिला आदराने पत्रे लिहीत राहिला. शिवाय जिच्यावरून रक्त सांडले ती ओढाताण दोन ख्रिस्ती पुरुषांमधली होती. ४१२ मध्ये बिशप झालेला सिरिल नगराच्या कारभारात हात घालू लागला, तेव्हा रोमन प्रांताधिकारी ऑरेस्टीस, जो स्वतः बाप्तिस्मा घेतलेला होता, आडवा आला. हायपेशिया ऑरेस्टीसच्या सल्लागारांपैकी असल्याने दोघांचा समेट तीच होऊ देत नाही, अशी कुजबुज पसरली आणि ४१५ च्या मार्चमध्ये जमावाने तिला रथातून खेचून एका चर्चमध्ये नेले व खापरांच्या तुकड्यांनी ठार केले. चित्रपटातला मृत्यू त्या मानाने सौम्य आहे.

या कृत्याचा स्पष्ट निषेध सोक्रेटीस या ख्रिस्ती इतिहासकारानेच केला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. चित्रपटात काळ्या वस्त्रांत दिसणारे पॅराबलानी, म्हणजे रुग्णसेवेसाठी नेमलेले पण बिशपचे लाठीधारी बनलेले सेवक, यांची संख्या ४१६ मध्ये सम्राटाच्या आदेशाने पाचशेवर आणली गेली आणि त्यांची निवड प्रांताधिकाऱ्याकडे सोपवली गेली. दोनच वर्षांत ती संख्या सहाशे झाली व निवडीचा अधिकार पुन्हा बिशपच्या हाती गेला.