कॉम्प्युटरला कुलूप कशाला, ताई?



समूहाच्या पेटीचा नियम तुम्हाला पाठ आहे. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे. बँकेतून पैसे काढायचे तर दोघींच्या सह्या. त्यात कुणाला अपमान वाटत नाही. मग ग्रामसंघाच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला, त्यात सगळ्या समूहांची कर्जं, हप्ते, आधारच्या कॉपी, पासबुकांचे फोटो जमा झाले, आणि ती पेटी मात्र सताड उघडी! पासवर्ड असतो, नाही असं नाही. पण तो मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला असतो, आणि सगळ्यांना मिळून एकच.

गेल्या पावसाळ्यात एका ग्रामसंघात काय झालं ते सांगते. गावाचं नाव लिहीत नाही. एका ताईंनी भरलेला 3,000 रुपयांचा हप्ता एक्सेलच्या शीटमध्ये दिसेना. थकबाकीच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि भर बैठकीत वाचलंही गेलं. लिपिका म्हणाली, "मी नोंद केली होती, शप्पथ." त्या आठवड्यात त्या कॉम्प्युटरवर लिपिका, दोन सीआरपी, एक शिकाऊ मुलगी आणि फॉर्म भरायला आलेला एका पदाधिकारी ताईंचा मुलगा, एवढी माणसं बसून गेली होती. कुणाचा हात चुकून त्या ओळीवर पडला, कसं कळणार? पावतीपुस्तकातली स्थळप्रत सापडली म्हणून हप्ता सिद्ध झाला. लिपिकेवरचा संशय मात्र राहिलाच. तो पुसायला स्थळप्रत नसते.

म्हणून मी ज्या कुलपाबद्दल लिहितेय ते चोरासाठी कमी आणि लिपिकेसाठी जास्त आहे. "हे मी केलं नाही" असं तिला नुसतं म्हणता नाही, तर दाखवताही आलं पाहिजे.

हे सांगायला गेलं की हमखास एक ताई म्हणतात, "आपल्या माणसांत कसलं गं कुलूप?" मी गिरगावातल्या फणसवाडीची, चाळीत वाढलेली. आमच्याकडे दिवसभर दारं उघडी. गॅलरी सगळ्यांची, वाटीभर साखर मागायला कुणीही आत येणार. पण प्रत्येक घरात कपाटाला किल्ली होती, पलंगाखालच्या ट्रंकेला कुलूप होतं, आणि त्यावरून शेजारीण कधी रुसली नाही. दार उघडं ठेवणं वेगळं आणि ट्रंक उघडी ठेवणं वेगळं. आमच्याच गिरगावात 15 मार्च 1959 ला सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, तीच आजची लिज्जत. सात जणींचा हिशोब सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहतो. आपल्या ग्रामसंघात तर एकमेकींचे चेहरे न ओळखणाऱ्या बायकांचे पैसे एका शीटमध्ये आहेत.

गंमत म्हणजे कॉम्प्युटरचा पासवर्ड जन्माला आला तोच अशा गरजेतून. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत 1961 मध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने एकच मोठा कॉम्प्युटर अनेकांनी वाटून वापरायची पद्धत तयार केली. मशीन एक, माणसं अनेक, मग प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहायला हव्यात, म्हणून प्रत्येकाला आपापला पासवर्ड. आणि पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, अ‍ॅलन शेर या विद्यार्थ्याने सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. कशासाठी? त्याला ठरवून दिलेला कॉम्प्युटरचा वेळ पुरत नव्हता! पैसे नको होते त्याला, फक्त जास्त वेळ बसायचं होतं. आपल्या फॉर्म भरणाऱ्या मुलासारखंच.

आता कुलपाकडे वळूया. "डेस्कटॉप लॉक करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, टाकू का?" असं दोन ठिकाणी विचारलं गेलं. टाकू नका. त्याची गरज होती जुन्या काळात. विंडोज 98 मध्ये पासवर्डची चौकट यायची, पण एस्केपचं बटण दाबलं की सरळ आत. म्हणून लोक वरून वेगळं कुलूप लावायचे. 2001 मध्ये विंडोज एक्सपी आलं, तेव्हापासून घरच्या कॉम्प्युटरलाही प्रत्येकाच्या वेगळ्या खात्याची खरी सोय झाली. आज तुमच्या विंडोज 10 किंवा 11 मध्ये कुलूप आधीच बसवलेलं आहे, आपण फक्त किल्ली फिरवत नाही. कुठल्या तरी साइटवरून उतरवलेलं फुकटचं कुलूप म्हणजे अनोळखी माणसाकडून किल्ली बनवून घेण्यासारखं.

पहिली गोष्ट आजपासून करा. खुर्चीवरून उठताना, चहाला का असेना, की-बोर्डच्या खालच्या ओळीतलं खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबून धरा आणि एल दाबा. पडदा पडतो. आतलं काम तसंच राहतं, परत पासवर्ड टाकला की जिथे होतात तिथेच. विसराळूपणासाठी स्क्रीन सेव्हरच्या सेटिंगमध्ये पाच मिनिटं लिहा आणि शेजारच्या 'ऑन रिझ्यूम' या चौकटीत टिक करा. पाच मिनिटं हात लागला नाही की तो स्वतःच कुलूप लावतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: प्रत्येकीचं वेगळं खातं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे अदर युजर्स. नवीन खातं जोडताना ईमेल विचारतं. ईमेल नसेल तर 'मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय' हा पर्याय खाली असतो, तो घ्या. लिपिकेचं एक, प्रत्येक सीआरपीचं एक, आणि पाहुण्यांसाठी एक. पोरांना फॉर्म भरायचाय? पाहुण्यांच्या खात्यात बसा बाबांनो. एक्सेलमध्ये प्रत्येकीने आपल्या खात्यात आपलंच नाव घालावं, म्हणजे फाइलच्या इन्फोमध्ये 'लास्ट मॉडिफाइड बाय' समोर शेवटचं सेव्ह कुणी केलं ते दिसतं. फक्त शेवटचंच दिसतं, त्यामुळे पावतीपुस्तक सोडायचं नाही.

इथे एक अडचण येते ती आधीच सांगते, नाहीतर दुसऱ्या दिवशी "ताई, फाइल गायब" म्हणून फोन येतील. एका खात्यातले डॉक्युमेंट्स दुसरीला दिसत नाहीत. जी शीट सगळ्यांनी वापरायची ती 'पब्लिक डॉक्युमेंट्स' या फोल्डरमध्ये ठेवा. आधार आणि पासबुकाचे फोटो मात्र तिथे नको, ते लिपिकेच्या खात्यातच. ज्या शीटला पाहुण्याचा हात लागायलाच नको, तिला एक्सेलमधूनच वेगळा पासवर्ड लावता येतो: फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड. पण तो विसरलात तर शीट गेली असं समजा. मायक्रोसॉफ्टसुद्धा तो काढून देत नाही.

हे कुलूप काय करत नाही तेही माहीत हवं. कुणी कॉम्प्युटरच उचलून नेला आणि आतली हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, तर डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसल्यास फाइली वाचता येतात. वीज गेल्यावर बिघडलेली फाइलही हे कुलूप दुरुस्त करत नाही. महिन्याच्या शेवटी पेन ड्राइव्हवर कॉपी आणि छापील प्रत, ही सवय चालूच ठेवा. पेन ड्राइव्ह पेटीत.

पासवर्ड कसा असावा? गावाचं नाव, मुलाची जन्मतारीख, 123456 नको. तीन-चार असंबद्ध शब्द घ्या, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी चालते. उखळ, रिक्षा, चिंच, बुधवार असं काहीतरी, पण हेच नको, हे आता सगळ्यांनी वाचलंय.

राहिला मुख्य खात्याचा, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड. रोजच्या कामाला ते खातं वापरायचं नाही, कारण तिथून बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलता येतात. तो पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घाला, पाकीट चिकटवा, तोंडावर अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष तिघींच्या सह्या घ्या आणि पाकीट पेटीत ठेवा. उघडायची वेळ आली तर दोघींनी मिळून उघडायचं आणि इतिवृत्तात कारण लिहायचं. पाकीट उघडलं की पासवर्ड बदलून नवं पाकीट. लिपिका बदलली तर तिच्या फाइली आधी पब्लिक डॉक्युमेंट्समध्ये आणा, नव्या लिपिकेचं खातं उघडून आधारचे फोटो तिथे हलवा आणि मगच जुनं खातं काढा. खातं काढलं की आतल्या फाइलीही जातात.

पुढच्या महिन्याच्या फेरीत मी प्रत्येक ऑफिसात बसून खाती उघडून देईन. तेव्हा पासवर्ड टाकायची वेळ आली की मी तोंड फिरवून बसणार आहे. मलाही सांगू नका.