दहा बाय पन्नास!

पगार हातात आला, ट्रेक झाला, माथ्यावर कुणीतरी मृग नक्षत्र दाखवलं आणि डोक्यात किडा वळवळला: टेलिस्कोप घ्यायचाच! जरा थांबा. खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेला स्वस्त टेलिस्कोप चार वेळा वापरून माळ्यावर जातो. त्याच पैशांत चांगली बायनॉक्युलर येते, आणि ती सॅकमध्ये मावते.

दुकानात १०×५० मागा. १० म्हणजे दहापट मोठं, ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. काळोखात आपली बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. हे भिंग तिच्या पन्नासेकपट प्रकाश गोळा करतं. आकाशात खरी किंमत प्रकाशाला असते, ‘पटी’ला नव्हे. ७×५० हातात कमी हलते, पण शहराच्या उजेडात तिच्यातून आकाश राखाडी दिसतं. २०×८० चा मोह झाला तर ट्रायपॉडचाही खर्च धरा. झूमवाल्या आणि लालभडक काचांच्या बायनॉक्युलर्सना लांबूनच नमस्कार!

पैसे देण्याआधी ती हातभर लांब धरून उजेडाकडे करा (सूर्याकडे चुकूनही नको, डोळा जाईल). मागच्या भिंगात प्रकाशाचा ठिपका दिसेल. गोल असेल तर उत्तम; कडा कापल्यासारखी चौकोनी वाटली तर प्रिझम हलक्या काचेचं. मग दूरचा बोर्ड वाचा. दोन-दोन दिसतंय, डोळे ओढल्यासारखे वाटतायत? परत करा. चष्मा असेल तर तो घालूनच बघा.

आता कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवा. कृत्तिकांचा पुंजका, मृगातला तेजोमेघ आणि गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र दिसतात. शनीची कडी मात्र नाही दिसणार, विक्रेता काहीही म्हणो. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरच्या देवयानी दीर्घिकेसाठी शहर सोडावं लागेल. सुट्टी शिल्लक असेल तर पेंच गाठा. २०२४ मध्ये तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला.

खरेदीआधी दुसऱ्याची वापरून बघायचीय? पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ. आणि हो, पावसाळ्यात ती कपाटात नुसती टाकू नका, भिंगांना बुरशी धरते. हवाबंद डब्यात ठेवा, सोबत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी.