शाळेतील अर्धमागधी आणि अंगणातील 'सुणय'

सातारा-सांगलीकडील आपल्या व्यापारी कुटुंबांत मुलांच्या भाषेचा प्रश्न निघाला की प्रथम विचार होतो तो इंग्रजीचा. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमातील अर्धमागधी घेतलीच, तर ती बहुधा गुणांसाठी. परीक्षा संपते आणि भाषाही वहीतच मिटते.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांच्या तोंडूनही त्यांची भाषा अशीच नाहीशी होत चालली होती. १९८२ मध्ये त्या समाजाने 'कोहांगा रेओ', म्हणजे 'भाषेची घरटी', उघडली. तेथे वडीलधारी माणसे लहानग्यांशी माओरीतच बोलू लागली. १९८७ मध्ये ती भाषा राजभाषा झाली. आपल्याकडे २०२४ मध्ये प्राकृतास अभिजात दर्जा मिळाला. घरटे मात्र आपणांसच बांधावयाचे आहे.

आरंभ अंगणातील कुत्र्यापासूनही करता येईल. कुत्र्यास घरचा मानणे या मातीस नवे नाही. छत्रपती शाहूंच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीस आहे. माओरीत कुत्रा 'कुरी', प्राकृतात 'सुणय', आणि जुन्या मराठीत 'सुणें'. जीवंधरकुमारांनी मरणोन्मुख कुत्र्याच्या कानी णमोकार मंत्र सांगितला व तो जीव यक्षदेव झाला, ही कथा आपण ऐकलेली आहे. तो मंत्रही प्राकृतच.

सूर्यास्तापूर्वी भाकरी घालताना नातवाने 'सुणय' अशी हाक मारावी, आजीने णमोकाराचे एकेक पद म्हणावे, नातवाने त्याचा अर्थ सांगावा. शाळेत शिकलेली भाषा तेव्हाच घरात नांदू लागेल.